रशीदभाईचा सायलेन्सर

आमच्या स्वयंपाकघराची आणि गाडीच्या शेडची भिंत एकच होती. लोणावळ्याच्या बाजारामागे आमचं कौलारू घर, त्याला टेकून पत्र्याची शेड आणि शेडमध्ये अब्बांची टॅक्सी. सकाळी अब्बांनी हँडल मारून इंजिन सुरू केलं की इकडे फळीवरची ताटं एकदम वाजत आणि गाडी स्थिर झाली की गप्प होत. चुलीपुढची अम्मा ताटांवरून सांगायची, "आज इंजिन गार हाय," नाहीतर, "आज लवकर लागलं." पावसाळ्यात घरभर ओल असायची, भिंतींना बुरशी, दोरीवरचे कपडे कितीही दिवस दमटच. चुलीवर तांदळाची भाकरी, निखाऱ्यावर बोंबील, आणि या सगळ्यावर पेट्रोलचा एक पातळ वास. तो वास मला अजून आवडतो. माझ्या नातसुना नाक मुरडतात.

हे लिहायला बसले ते रागाने. मी आता तळेगावात नातवाच्या फ्लॅटमध्ये राहते. शनिवार-रविवार आला की खालच्या रस्त्यावरून पोरं लोणावळ्याकडे मोटारसायकली पळवतात. सायलेन्सर मुद्दाम बदललेले, खिडकीच्या काचा थरथरतात. मी चिडले की नातू म्हणतो, "दादी, शौक असतो एकेकाचा." हाच शब्द माझ्या भावाने वापरला होता. त्याच्या शौकापायी आमच्या घरातली एक बाई मरता मरता वाचली, आणि वाचल्यावर तिलाच दोषी ठरवलं गेलं. आयुष्य सरत आलं, माझा राग गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.

अब्बा गाडी स्टेशनवर लावत. मुंबईहून हवापालटाला येणारे शेठ, पारशी कुटुंबं, त्यांच्या ट्रंका, कुत्री, आया, हे सगळं खंडाळ्याच्या बंगल्यांवर पोचवायचं आणि महिना-दोन महिन्यांनी परत आणायचं, हा धंदा. गाडी जुनी अमेरिकन होती, वर कापडी टप, बाजूंना काचा नाहीत. पावसात बाजूंना कॅनव्हासचे पडदे बटणं लावून बसवायचे, त्यांत पिवळट पडलेल्या खिडक्या. पडदे लावले की मागचा भाग पेटीसारखा बंद व्हायचा. पुढे ड्रायव्हरच्या बाजूला मात्र पडदा नसे, कारण वळताना हात बाहेर काढावा लागे. ड्रायव्हर भिजायचा आणि मागची माणसं कोरडी राहायची. हे मी मुद्दाम सांगते आहे.

घरात मुलगे दोन हवे होते, अल्लाने एकच दिला, म्हणून अब्बांनी मला शेडमध्ये येऊ दिलं. मी पाने हातात द्यायला शिकले, मग पाने चालवायला शिकले. प्लग काढून घासणं, ब्रेकचे दांडे आवळणं, गाडीखाली पाठीवर सरपटत जाऊन ग्रीस भरणं हे मला पोळ्या लाटण्याआधी येत होतं. त्यांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे शेडचं दार. "हमीदा, आधी दार उघड, मग हँडल मार. या धुराला नीट वाससुद्धा नसतो, पन बंद जागेत मानूस झोपतो तो उठत न्हाई." हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की ते त्यांना ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू शकत नाही. पुढे मी लुगड्यात आले आणि अम्मा म्हणाली, "आता बास." अब्बांनीही मान हलवली. मी शेडमधून स्वयंपाकघरात आले आणि भिंतीपलीकडून गाडी ऐकत राहिले.

त्याच सुमारास जॅक निसटून चाक अब्बांच्या पायावर आलं. हाड जुळलं पण वाकडं जुळलं, क्लच दाबणं काही त्यांना जमेना. गाडी रशीदभाईच्या हातात गेली. माझा थोरला भाऊ देखणा होता. भांग पाडून, गळ्याला रुमाल बांधून गाडी चालवायचा आणि बाजारातल्या प्रत्येक दुकानाला आपण दिसलो पाहिजे अशा बेताने चालवायचा. गाडीचं पोट उघडून बघायचा मात्र त्याला कंटाळा. त्याचं लग्न झालेलं होतं. खातूनभाबी वराळ्याची, शेतकऱ्याच्या घरची. बुटकी, काळीसावळी, कामाला वाघीण, आणि हसायला लागली की तोंडावर पदर धरूनही हसू थांबायचं नाही अशी. आल्यापासून माझ्याशी तिचं जमलं. दुपारी आम्ही दोघी पाटा-वरवंट्यापाशी बसायचो, ती वाटायची आणि मी तिला सांगायची की भिंतीपलीकडे आता गाडीचं काय चाललं आहे. तिला त्याची मोठी गंमत वाटे. "आता काय झालं?" म्हणून विचारायची.

जुना सायलेन्सर गंजून गेला होता. आमच्याकडच्या पावसात पत्रा टिकत नाही. अब्बा म्हणाले तसाच नवा मागवू. रशीदभाई मुंबईला गेला आणि जुन्या बाजारातून भलत्याच गाडीचा सायलेन्सर घेऊन आला. नळी जाड, डबा लांब, वजन दुप्पट. बसवला आणि हँडल मारलं, तर अख्ख्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. आमच्या फळीवरचं एक ताट खाली पडलं. अब्बा ओट्यावरून म्हणाले, "रशीद, ह्यो आपल्या गाडीचा न्हाई." तो म्हणाला, "अब्बा, स्टेशनात उभा ऱ्हायलो तर लोकांनी वळून बघाया पायजे. शौक हाय माझा."

लोक वळून बघायला लागले हे खरं. पण त्या नळीला टांगायच्या जागा आमच्या गाडीत नव्हत्याच. त्याने दोन ठिकाणी तारेने बांधली. गाडी हळू चालली की नळी आतल्या आडव्या पट्टीवर आपटायची, खड खड खड. वेग घेतला की आपटणं थांबायचं आणि पायाखालच्या फळ्या थरथरायला लागायच्या. खंडाळ्याची एक म्हातारी पारशीणबाई अब्बांची जुनी गिऱ्हाईक होती. ती उतरल्यावर म्हणाली की माझ्या पायांना मुंग्या आल्या, कवळी तोंडात वाजत होती, आणि पुढच्या खेपेला तिने टांगा केला. रशीदभाईला ते लागलं. घरी येऊन त्याने पान्यांची पिशवी आपटली आणि ती खडखड थांबवायला बसला.

मी भिंतीपलीकडून ऐकत होते. त्याने नळी आणि चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा मारला आणि वरून लोखंडी पट्टी टाकून बोल्ट आवळले, पान्यावर पाय देऊन आवळले. मी अब्बांना म्हटलं, "अब्बा, त्यानं नळी जखडून टाकली. इंजिन हालतंय, नळीला हालाया जागा नको का?" अब्बा म्हणाले, "त्याचं त्याला करू दे. तू भाकऱ्या बघ." दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली तेव्हा खडखड खरोखर गेली होती. रशीदभाई आत येऊन अम्माला म्हणाला, "ऐकलंस? गेली का न्हाई?" अम्मा खूश. ताटं मात्र पहिल्यापेक्षा बारीक, अखंड वाजत होती. आपटणं थांबलं, तरी हादरा कुठेतरी जाणारच होता, आणि तो नळीच्या जोडावर जाऊन बसला होता, हे मला ताटांवरून कळत होतं. मला कुणी विचारलं नाही.

श्रावणात तळेगावला फुफीच्या दिराच्या मुलीचं लग्न होतं. फुफी म्हणजे अब्बांची बहीण, ती आमच्याकडे राहायला आलेली होती आणि आम्ही तिला घेऊन निघालो. पाऊस असा की टपावर कुणी सूप पाखडतंय असं वाटावं. सगळे पडदे बटणं लावून बंद. मागच्या सीटवर अम्मा, फुफी आणि त्यांच्या मध्ये लग्नाच्या भांड्यांची पाटी. मी पुढे, मांडीवर बोचकं. भाबीला बसायला जागा उरली नाही. अम्मा सहज म्हणाली, "सून हाय, बसंल खाली." भाबी पायाशी फळ्यांवर पोतं टाकून बसली, गुडघे पोटाशी घेऊन. वडगाव मागे पडलं तेव्हा फुफी म्हणाली, "ही झोपली बघ." तळेगावात उतरवायला गेलो तर भाबीचे पाय टेकेनात, ओठांचा रंग विचित्र लाल, डोकं धरून ती ओकली. पावसात उभी राहिल्यावर हळूहळू माणसात आली. बायका एकमेकींकडे बघून हसल्या, काही बातमी असेल म्हणाल्या. बातमी होतीच, पण ती नंतर कळली.

लग्न उरकून परत निघालो तेव्हाही तीच बसायची तऱ्हा, भांड्यांच्या जागी मिठाईच्या टोपल्या. अम्माचं डोकं दुखत होतं, तिला गाडी नेहमीच लागायची. कामशेतच्या अलीकडे मागून फुफीची किंकाळी आली. मी वळून पाहिलं. भाबी फळ्यांवर आडवी पडली होती, हातपाय ताठ होऊन झटके देत होते, डोळे पांढरे. रशीदभाईने गाडी कडेला घेतली. तिला ओढून बाहेर रस्त्याच्या कडेच्या गवतावर ठेवलं. फुफी म्हणाली, "फिट हाय ही. चप्पल लावा नाकाला." आणि माझ्या भावाने आपल्या पायातली चप्पल काढून, चिखलाने भरलेली, आपल्या बायकोच्या नाकाशी धरली. मी त्याचा हात ओढला तर त्याने मला ढकलून दिलं. भाबीने थोड्या वेळाने श्वास ओढला, डोळे उघडले आणि सगळ्यांत आधी चप्पल पाहिली. चप्पल बघून तिला रडू फुटलं. मी पुष्कळ माणसं मेलेली पाहिली, पण रात्री झोप लागत नाही तेव्हा मला तो चेहरा दिसतो.

गाडी तिथूनच वळवली. आता तिला सीटवर निजवलं आणि पडदे उघडे ठेवले, तिला वारा लागावा म्हणून. वराळ्याला पोचेपर्यंत ती उठून बसली होती, पाणी मागत होती. तिच्या वडिलांच्या दारात रशीदभाई म्हणाला, "पोरीला फिट येती हे लपवून ठेवलंत. घ्या तुमची पोरगी." तिचे वडील, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, चिखलाच्या हातांनी शेतातून आले होते. ते म्हणत राहिले, "न्हाई हो, कधी न्हाई, ल्हानपनापासून कधी न्हाई." अम्मा गाडीतून उतरलीसुद्धा नाही. भाबी दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी काही बोलू शकले नाही, कारण मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं, नुसता संशय होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागचा भाग धुवायचं काम माझ्याकडे आलं, ते घाणेरडं काम होतं म्हणून. मी काथ्याची चटई उचलली. खालच्या फळ्यांच्या फटीतून काजळी वर आली होती, सरळ रेघ काढल्यासारखी, आणि ती रेघ बरोबर भाबी बसायची तिथे होती. मी एक फळी काढली. तिची खालची बाजू भाजून तपकिरी झाली होती. रशीदभाई बाजारात गेला होता. मी शेडचं दार सताड उघडलं, हँडल मारलं, लुगड्याचा काचा मारून गाडीखाली गेले. नळीच्या जोडाला अर्ध्या घेराची चीर पडली होती. वर्तमानपत्राचा तुकडा तिच्यापुढे धरला तर इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तो फडफडत होता.

मी अब्बांना हाताला धरून आणलं. काठी टेकत आले, कसेबसे बसले आणि वाकून बघितलं. कागद फडफडताना त्यांनीही पाहिला. मग म्हणाले, "इंजिन बंद कर."

मी म्हटलं, "अब्बा, भाबीला फिट न्हाई. ह्या धुरानं झालं ते. बंद पडद्यात आपन तिला ह्याच्यावर बसवलं. तुमीच सांगितलेलं मला, मानूस झोपतो तो उठत न्हाई."

"व्हय," ते म्हणाले.

"मग आजच वराळ्याला जाऊ."

"गाडी आधी नीट करू."

"आणि भाबी?"

"ते वेगळं," अब्बा म्हणाले. "रशीदनं चार मानसांत बोलून टाकलंय. आता मागं घेतलं तर त्याचं तोंड ऱ्हात न्हाई."

माझ्या आयुष्यात मला इतका राग कधी आला नव्हता. रशीदभाई अडाणी होता, उतावळा होता. अब्बांना मात्र सगळं समजत होतं, माझ्याइतकंच, माझ्याआधी. मुलाचं तोंड राहावं म्हणून ते एका बाईचं आयुष्य वराळ्याच्या ओट्यावर सोडून द्यायला तयार होते. पाय वाकडा झाल्यापासून मला त्यांची कीव यायची. त्या सकाळनंतर आली नाही. संध्याकाळी रशीदभाईला सांगितलं तर तो हसला. "धुरानं कुनाला फिट येती का? मग मला का न्हाई आली?" मी म्हटलं, "तुझ्याकडं पडदा न्हाई, तू वाऱ्यावर बसतोस." तो म्हणाला, "लय शानी झालीस."

गाडी मी दुरुस्त केली. हे मला लिहून ठेवायचं आहे, कारण पुढे सगळीकडे ते रशीदभाईच्या नावावर गेलं. तो काही दिवस मुंबईला गेला होता, अब्बा स्टुलावर बसले आणि मी खाली. आम्ही कामापुरतं बोललो. आधी ती पट्टी कापली, ठोकळा काढून फेकला. फुटलेली नळी उतरवून अब्बांनी लोहाराकडे पाठवली, त्याने चिरेवर पत्र्याचं कडं चढवून पितळेने झाळून दिलं. मग बसवताना मी एकही बोल्ट आधी आवळला नाही. सगळे सैल ठेवले, नळीला तिच्या वजनाने जिथे यायचं तिथे येऊ दिलं, मग इंजिनाच्या बाजूने सुरुवात करून मागे मागे आवळत गेले. टांगायला लोखंडाऐवजी जुन्या टायरच्या पट्ट्या कापून घातल्या, म्हणजे इंजिन हललं तर नळी त्याच्याबरोबर हलेल आणि हादरा रबरात जिरेल. आडव्या पट्टीपासून दोन बोटं अंतर सोडलं. डब्यात आतून जाळीचा पत्रा गुंडाळून घातला, तेव्हा तो भुंकणारा आवाजही बसला. हँडल मारलं. अम्मा स्वयंपाकघरातून म्हणाली, "सुरू झाली का न्हाई? ताटं वाजली न्हाईत." गाडी सुरूच होती.

अब्बांच्या डोळ्यांत मला कौतुक दिसलं. मी पाने पुसून पिशवीत टाकले आणि आत निघून आले. मला त्यांचं कौतुक नको होतं.

पाऊस सरता सरता वराळ्याहून निरोप आला की भाबीला दिवस गेले आहेत. अम्माला आतून वाटत होतं की सून आणावी. पण फुफीने चाकणकडची एक मुलगी काढली होती आणि रशीदभाईचं ठरलं होतं की दुसरं लग्न करायचं. भाबीला वराळ्यात मांत्रिकाकडे नेलं होतं, गळ्यात ताईत बांधला होता, आणि चुलीपाशी तिला एकटी बसू देत नव्हते, फिट येऊन विस्तवात पडेल म्हणून. हे निरोप आणणाऱ्याने सांगितलं. एखादीला आजार नसताना आजारी ठरवलं की पहिल्यांदा तिचा स्वतःवरचा भरवसा जातो. चांगली हसरी बाई, ती आता झोपायला भीत होती.

चाकणचे पाहुणे आले ते सकाळच्या उन्हात. मुलीचा बाप आणि त्याचा थोरला भाऊ, पांढरी दाढी, स्वच्छ कपडे, शांत बोलणं. ओट्यावर सतरंजी टाकली. अम्माने शेवयांची खीर केली होती. चहा घेऊन जायचं काम माझं, पदर खाली ओढून, ठेवायचं आणि निघायचं. मी चहा ठेवला. तेवढ्यात दाढीवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, "पहिलीला काय आजार म्हनायचा?" आणि रशीदभाई म्हणाला, "फिट येती. आमाला फशिवलं त्यांनी."

मी तिथेच उभी राहिले. "तिला फिट येत न्हाई," मी म्हटलं. "ह्यानं गाडीला भलता सायलेन्सर लावला. खडखड हुती म्हणून ठोकळा मारून जखडला, तो फुटला, आणि धूर आत आला. पडदे बंद होते. तिला फळ्यांवर बसवलेलं. मी फूट बघितली. अब्बांनी बघितली."

माझा आवाज चढला नव्हता, हे मला स्पष्ट आठवतं. रशीदभाई उठला, "आत हो," म्हणाला. म्हाताऱ्याने हात वर करून त्याला बसवलं आणि अब्बांकडे वळला. "मियां, पोरगी म्हनते ते खरं हाय का?"

अब्बा आपल्या वाकड्या पायाकडे बघत बसले. होय म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. गल्लीतून कुणीतरी कोंबड्या हाकलत होतं. म्हाताऱ्याने पुष्कळ वाट पाहिली, मग कपबशी तशीच भरलेली खाली ठेवली. "तुमी न्हाई म्हनला असता तर मी बसलो असतो," तो म्हणाला. "आमचीबी पोरगी हाय." दोघं उठले, वहाणा घातल्या आणि गेले.

ते वळणावर दिसेनासे झाल्यावर रशीदभाईने मला मारलं. कानाखाली, मग पाठीत. अम्मा मध्ये पडली. अब्बा उठले नाहीत. त्या दिवसापासून शेडला कुलूप लागलं आणि किल्ली रशीदभाईच्या गळ्यात गेली. माझ्या लग्नाची घाई सुरू झाली ती तिथूनच. बोलणारी मुलगी घरात ठेवत नाहीत. पुढे अब्बा आजारी पडले तेव्हा मी त्यांची सेवा केली, त्यांनी दोन-तीनदा तो विषय काढायचा प्रयत्न केला. मी औषध पाजून उठून गेले. लोक मला म्हणतात, बापाला माफ करायला हवं होतं. ओट्यावर एक शब्द बोलायचा होता, तोही त्यांच्याकडून झाला नाही. तो म्हातारा परका होता, त्याला त्यांच्या गप्प बसण्यातून सगळं कळलं. खातूनभाबीचं नाव साफ व्हायला मात्र तो शब्द लागत होता.

चाकणची बातमी पसरली आणि रशीदभाईला कुणी मुलगी देईना. तेव्हा त्याला वराळं आठवलं. उन्हाळ्यात, भाबीची मुलगी तान्ही असताना, तो गाडी घेऊन तिला आणायला गेला. भाबी दारात आली, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमी जा हिच्यातनं. मी रेल्वेनं येते." तो रिकामी गाडी घेऊन परत आला. मला कुणी विचारतं, ती आलीच कशाला? तिच्यामागे दोन बहिणी लग्नाच्या होत्या. जिला जायला दुसरी जागा असते तिने हा प्रश्न विचारावा.

मी स्टेशनवर गेले होते. चाचांनी तिला डब्यातून उतरवून दिलं आणि तिच्या हातात गाठोडं दिलं. ती वाळली होती. गळ्यात ताईत नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, "तुझं चाकणच्या लोकांपुढचं बोलनं आमच्याकडं पोचलं, त्या दिशी तोडला." बाहेर रशीदभाई गाडीचं दार उघडून उभा होता, गळ्याला रुमाल. "बस," तो म्हणाला. टांगेवाले बघत होते.

मी हळूच म्हटलं, "भाबी, नीट केलीय मी. आता धूर येत न्हाई."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तुझ्यावर भरवसा हाय. चालवनाऱ्यावर न्हाई." मुलीला तिने खांद्यावर घेतलं, मला गाठोडं दिलं आणि चालायला लागली.

आम्ही दोघी बाजाराच्या मधोमध निघालो. दुकानदार फळीवरून मान बाहेर काढून बघत होते. रशीदभाईला आमच्या मागून यावं लागलं, कारण रस्ता तेवढाच. गाडी अगदी सावकाश येत होती आणि तिचा आवाज अजिबात येत नव्हता, ना खडखड, ना थरथर. माझ्या हातचं काम होतं ते. म्हणून शेवटी त्याला हॉर्न वाजवावा लागला. एकदा वाजवला, मग परत वाजवला. भाबीने मुलीच्या कानावर हात ठेवला आणि आपली चाल तेवढीच ठेवली. मीही बाजूला झाले नाही.